जांभळ्याचं जॉइंट खातं

आमच्या घराण्यात इस्टेटीवरून कधी भांडण झालं नाही. इस्टेटच नव्हती. भांडण झालं ते आजीच्या लुगड्यावरून. तेही लुगडं कोणाला मिळावं यावरून नव्हे, कारण ते फार वर्षांपूर्वी बोहारणीकडे गेलं आणि त्याच्या बदल्यात घरात एक स्टीलचं पातेलं आलं. त्या पातेल्यात आमच्याकडे आजही दूध उतू जातं. भांडण झालं ते लुगड्याच्या रंगावरून.

त्याचं असं झालं. थोरल्या काकांच्या मुंजीतला, १९५६ सालचा एक फोटो आमच्याकडे आहे. अर्थात काळापांढरा. इरकली नऊवारीतली आजी पाटावर बसली आहे, शेजारी मुंजा आहे आणि मुंजाच्या चेहऱ्यावर नुकतंच डोकं भादरल्याचं दुःख आहे. मोठ्या आत्याच्या ऐंशीव्या वाढदिवसाला या फोटोचं रंगीत चित्र करून द्यावं असं माझ्या मनात आलं. चाळिशी उलटली की माणसाला एक तर चष्मा लागतो, नाही तर छंद लागतो. मला दोन्ही एकदमच लागले. तेव्हापासून रविवारी सकाळी मी जलरंग घेऊन गॅलरीत बसतो आणि शेजारचे लोक आपापले वाळत घातलेले कपडे आत घेतात.

"आत्या, आजीच्या लुगड्याचा रंग कोणता होता गं?" मी फोनवर विचारलं.

"जांभळा. पिकल्या जांभळासारखा."

"डाळिंबी," काका म्हणाले. "मी शेजारी बसलो होतो. मला ठाऊक."

"अहो, वांगी रंगाचं होतं ते," धाकटी आत्या म्हणाली.

"तुझा तेव्हा जन्म तरी झाला होता का?" काका कडाडले. त्यावर माझ्या आईने, सासूबाईंच्या तोंडून आपण 'मोरपिशी' ऐकल्याचं हळूच सांगून टाकलं. शेवटी मोठ्या आत्याने आपला हुकमी पत्ता काढला. "माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मला आता सगळं स्वच्छ दिसतं." जे लुगडं पन्नास वर्षांपूर्वी घरातून गेलं ते आत्ताच्या ऑपरेशनने कसं दिसणार, हे विचारायची माझी छाती झाली नाही. सेवाज्येष्ठतेनुसार जांभळ्याला मंजुरी मिळाली आणि माझे हाल सुरू झाले.

कारण माझ्या बारा ट्यूबांच्या पेटीत जांभळा नव्हता. तो शाळेतल्या पेटीतही नव्हता. तेव्हा आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी तोंडपाठ करून घेतलं होतं : तांबडा अधिक निळा बरोबर जांभळा. पुढे मी कॉमर्सला गेलो, पण बेरीज इतकी चुकलेली मी त्याआधी आणि नंतर कधी पाहिली नाही. एलिमेंटरीच्या परीक्षेत समोर वांगं ठेवलं होतं. मी या सूत्राबरहुकूम तांबडा आणि निळा कालवला आणि कागदावर जे उतरलं ते वांगं नव्हतं, भरीत होतं. सी ग्रेड मिळाली. ती वांग्याला की भरताला, हे प्रमाणपत्रावर लिहिलेलं नाही.

आता इतक्या वर्षांनी चार पुस्तकं वाचून मला माझा अपराध कळला. चूक बेरजेची नव्हती, तांबड्याची होती. आपण ज्याला सरसकट तांबडा म्हणतो तो पुष्कळदा शेंदराच्या बाजूला झुकलेला असतो, म्हणजे त्याच्या पोटात पिवळा दडलेला असतो. आणि पिवळा हा जांभळ्याचा समोरच्या दारातला शेजारी. दोघांना आपापल्या घरात राहू द्या, एकमेकांमुळे खुलून दिसतील. एका खोलीत कोंडलं की चिखल. त्यात निळासुद्धा हिरवटाकडे झुकणारा निघाला तर पिवळ्याचा दुसरा हप्ता जमा होतो. म्हणून जाणकार लोक किरमिजीकडे झुकलेला तांबडा घेतात आणि अल्ट्रामरीन नावाचा, मुळातच थोडा जांभळटपणाकडे कललेला निळा घेतात. एवढं करूनही जे तयार होतं ते इतकं काळपट असतं की ते जांभळं आहे हे कळायला त्यात पाणी घालावं लागतं, आणि पाणी घातलं की झळाळी जाते. रात्री पिवळ्या दिव्याखाली पाहिलं तर तेच पुन्हा तपकिरी. मी पहिल्या रविवारी आजीचं लुगडं चार वेळा रंगवलं. चौथ्या वेळी ही चहा घेऊन आली आणि म्हणाली, "पाट छान जमलाय हं लाकडाचा."

तुम्ही म्हणाल, शाळेत 'तानापिहिनिपाजा' पाठ केलं होतं ना, त्यात शेवटी 'जा' आहेच की. आहे. पण इंद्रधनुष्यातला 'जा' निराळा, तो एकट्याच्या जिवावर उभा असलेला प्रकाश. लुगड्याचा किंवा वांग्याचा, तांबूस झाक असलेला जांभळा इंद्रधनुष्यात शोधून सापडत नाही. न्यूटनने १७०४ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात ही सात रंगांची पट्टी वाकवून तिचं वर्तुळ केलं आणि 'ता'ला 'जा'शेजारी आणून बसवलं. आपला जांभळा राहतो तो त्या सांध्यात. ज्याला निसर्गाने पट्टीत जागा दिली नाही त्याला पेटीवाल्याने ट्यूब दिली नाही, तर तक्रार कोणाकडे करायची?

बरं, ही अडचण माझीच असती तर मी सोडून दिली असती. पण ती थेट रोमन लोकांपासूनची निघाली. त्या काळी खरा जांभळा म्हणजे समुद्रातल्या शंखाच्या गोगलगायींपासून काढलेला, आजच्या लेबनॉनमधल्या टायर बंदराच्या नावाने ओळखला जाणारा. या गोगलगायी कुजवायच्या, उकळायच्या आणि नाक दाबून वाट पाहायची. त्यातून किती रंग निघत असेल? पॉल फ्रीडलेंडर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली बारा हजार गोगलगायी खर्ची घालून हिशेब केला. हाती आला १.४ ग्रॅम. आपल्या सोनाराच्या भाषेत जेमतेम दीड मासा. समुद्रात बारा हजार जीवांना मारून दीड मासा मिळवणारा कोळी आमच्या कोकणात उपाशी मेला असता. तिथे सम्राट तो अंगावर मिरवीत होते. इ. स. ३०१ मध्ये डायोक्लेशन बादशहाने महागाई रोखायला सगळ्या वस्तूंचे दर बांधून दिले, त्यात जांभळ्या रेशमाचा दर पौंडाला दीड लाख दिनार होता. हा नियंत्रित दर, बरं का. काळ्या बाजाराचा विचारच करू नका.

चित्रकाराच्या वाट्याला यातलं काय येणार? कापड रंगवण्याच्या त्या कढईत पांढरी माती घालून तिला जे चढेल ते. प्लिनी हा रोमन लेखक सांगतो की असले भारी रंग चित्रकाराने आणायचे नसत, चित्र काढून घेणाऱ्या गिऱ्हाइकाने आणून द्यायचे. ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. उद्या आत्याला म्हणावं, चित्र माझ्याकडून, जांभळा तुझ्याकडून.

पुढे कित्येक शतकं युरोपातल्या चित्रकारांना झळाळता आणि टिकाऊ असा स्वतंत्र जांभळा मिळालाच नाही. तेव्हा त्यांनी आमच्या मास्तरांचंच सूत्र धरलं. खाली निळ्या दगडाच्या पुडीचा थर आणि वर किरमिजी रंगाचा पातळ लेप, किंवा दोन्ही एकत्र. 'किरमिजी' हा आपला शब्द किरमिज नावाच्या किड्यावरून आलेला आहे, आणि तो लेपही किड्यांपासूनच निघे. म्हणजे जांभळ्या झग्यातले साधुसंत दिसायला सात्त्विक, पण झगा अर्धा दगडाचा आणि अर्धा किड्यांचा.

आणि इथेच, माझ्या पोटापाण्याच्या धंद्याशी या रंगाचा जो संबंध आहे तो माझ्या लक्षात आला. जांभळा हा रंग नव्हे, ते जॉइंट खातं आहे. तांबडा आणि निळा अशा दोघांच्या नावावर उघडलेलं, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. आता बँकेत असं खातं उघडताना दोघांपैकी आधी कोण जाईल हे कोणी विचारत नाही, विचारणं बरंही दिसत नाही. पण चित्रात ते ठरलेलं असे. निळा दगडाचा, तो तग धरी. किरमिजी जीव नाजूक, प्रकाश सोसत नसे. शंभर-दोनशे वर्षांत तो हळूहळू निघून जाई आणि मागे उरलेला निळा सगळी शिल्लक आपल्या नावावर करून भिंतीवर बसून राही. मग आपण संग्रहालयात जातो आणि म्हणतो, वा, काय निळा झगा आहे!

१८५६ साली वाटलं, आता हा प्रश्न सुटणार. लंडनमधला विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा ईस्टरच्या सुटीत घरातल्या प्रयोगशाळेत कृत्रिम क्विनाइन बनवायला बसला. क्विनाइनची गरज कोणाला, तर हिंदुस्थानासारख्या मुलखात हिवतापाने फणफणणाऱ्या साहेबांना. म्हणजे या शोधात आपल्या डासांचाही वाटा आहे. क्विनाइन काही झालं नाही, भांड्याच्या बुडाशी काळा राडा झाला. माझ्या हातून झाला असता तर मी तो ही येण्याआधी मोरीत ओतला असता. पर्किनने तो अल्कोहोलने धुऊन पाहिला आणि उतरला तो लखलखीत जांभळा! त्याने त्याच वर्षी पेटंट घेतलं, वडील आणि भावाला घेऊन कारखाना काढला. १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणी लेकीच्या लग्नात फिक्या जांभळ्या पोशाखात मिरवली आणि सगळ्या लंडनला जांभळ्याचं वेड लागलं. 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने १८५९ मध्ये त्याला गोवराच्या साथीची उपमा दिली. पर्किनसाहेबांनी १८७४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, धंदा विकून निवृत्ती घेतली आणि उरलेलं आयुष्य संशोधनात घालवलं. छत्तिसाव्या वर्षी मला पहिली बढती मिळण्याची बोलणी चालली होती. अजून चालली आहेत.

पण हा जांभळा कापडाचा. दगडी कोळशाच्या डांबरातून त्या काळात जे रंग बाहेर पडले ते दिसायला नवरीसारखे आणि टिकायला मेंदीसारखे. चित्रकारांसाठी भरवशाचा जांभळा आला तो धातूंतून : १८५९ मध्ये कोबाल्टचा, १८६८ मध्ये मँगॅनीजचा. कोबाल्टवाला महाग, शिवाय अंगात जोर नाही, दुसऱ्या रंगात मिसळला की नाहीसा होतो. त्याच्या एका जुन्या जातीत तर सोमल असे. तरी पॅरिसच्या तरुण चित्रकारांना हे म्हणजे आकाश ठेंगणं झालं. मोने, पिसारो वगैरे मंडळी उन्हात जाऊन बसली आणि त्यांना सावल्या काळ्या नव्हे तर जांभळ्या दिसू लागल्या. १८७६ च्या त्यांच्या प्रदर्शनावर लिहिताना 'फिगारो'च्या आल्बेर वोल्फ या टीकाकाराने, झाडं जांभळी नसतात हे पिसारोला कोणीतरी समजावून सांगा, अशी विनवणी केली. माझी ही याहून सौम्य बोलते असं म्हणायला पाहिजे. मोनेच्या म्हातारपणी डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि सगळं जग पिवळं-तपकिरी दिसू लागलं. १९२३ मध्ये शस्त्रक्रिया झाल्यावर त्याला उलट सगळीकडे निळाच निळा दिसू लागला म्हणून तो वैतागला. हे वाचल्यापासून मी आत्याच्या त्या हुकमी पत्त्याला हसायचं सोडून दिलं आहे.

व्हॅन गॉगची गोष्ट मात्र मला हसत सांगता येत नाही. १८८८ च्या ऑक्टोबरात त्याने आर्लमधल्या आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र काढलं. एक पलंग, दोन खुर्च्या, खिडकी. आपल्या चाळीतली खोलीच. कॅलेंडरांवर सुद्धा ते चित्र छापतात, त्यात भिंती निळ्या असतात. पण भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात त्याने चित्राचा एकेक रंग बिलासारखा लिहून कळवला आहे, आणि त्यात भिंती फिक्या जांभळ्या आहेत. शिकागोच्या संग्रहालयातल्या मंडळींनी त्यांच्याकडच्या या खोलीच्या दुसऱ्या आवृत्तीतले रंगांचे कण तपासून २०१६ च्या प्रदर्शनात दाखवून दिलं, की भिंती खरंच जांभळ्या होत्या. तांबडा खातेदार निघून गेला. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयातलं १८८९ चं आयरिसच्या फुलांचं चित्र तसंच. आज दिसतात ती फुलं निळी, तो रंगवायला बसला होता तेव्हा ती जांभळी होती. त्याचा आवडता तांबडा हा इओसिन नावाच्या रसायनाचा. लाल शाईत वापरतात त्याच कुळातला. लाल शाईने मारलेल्या खुणा उन्हात पडलेल्या कागदावरून कशा उडतात हे मी जितकं पाहिलं आहे तितकं कोणा कलासमीक्षकाने पाहिलं नसेल.

आणि त्याला हे ठाऊक होतं! १८८८ च्या एप्रिलात त्याने भावाला लिहून ठेवलं आहे, की हे नव्या फॅशनचे रंग टिकणारे नाहीत, तेव्हा ते आत्ताच बिनधास्त भडक वापरावेत, काळ त्यांना मवाळ करीलच. सदतीस वर्षांचं आयुष्य, त्यातलं चित्र एकही धड विकत नाही, भावाच्या पैशांवर रंग मागवायचे आणि तेही उडून जाणारे. बुडणार हे माहीत असलेल्या खात्यात माणूस रोज भरणा करत होता.

हे सगळं जुन्या काळी चालायचं, असं वाटत असेल तर मार्क रॉथकोचं ऐका. अमेरिकेतल्या या नामवंत चित्रकाराने हार्वर्ड विद्यापीठासाठी भिंतभर मापाची पाच चित्रं केली. ती १९६४ मध्ये एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या भोजनगृहात लावली. त्यात त्याने लिथॉल रेड नावाचा तांबडा आणि अल्ट्रामरीन निळा वापरला होता. लिथॉल रेड हा छपाईच्या शाईतला. खिडक्यांतून देखावा सुरेख होता. जेवायला येणारे पडदे उघडत आणि चित्राकडे पाठ करून देखावा बघत. ऊन आत येई. तांबड्याने पंधरा वर्षं सुद्धा काढली नाहीत. १९७९ मध्ये फिकुटलेली चित्रं काढून कोठीत ठेवावी लागली. २०१४ मध्ये विद्यापीठाने एक युक्ती केली : चित्रांना हात न लावता प्रोजेक्टरने त्यांच्यावर हिशेबशीर रंगीत प्रकाश पाडला, म्हणजे जिथे जेवढा रंग कमी तिथे तेवढ्या रंगाचा उजेड, आणि जुने रंग पुन्हा दिसू लागले. दुपारी चार वाजता प्रोजेक्टर बंद होत आणि बघणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत चित्रं फिकी पडत. चार वाजता व्यवहार बंद, ही शिस्त मला आपलीशी वाटली.

तसा आमच्या बँकेत जांभळ्याला मान आहे. शिक्क्याच्या पॅडवर तोच. जुने लोक सांगतात, पूर्वी कॉपिंग पेन्सिल असे, तिचं टोक जिभेवर ओलं केलं की जांभळं उठे आणि संध्याकाळी सगळा स्टाफ जांभळं खाऊन आल्यासारखा दिसे. ब्रिटिश टपाल खात्याने तर १८८० च्या दशकात मुद्दाम धुतल्यावर उडणारा जांभळा तिकिटांवर वापरला, म्हणजे शिक्का पुसून तिकीट पुन्हा वापरायला जाल तर तिकीटच जाईल. चित्रकाराचं दुर्दैव ते टपालखात्याचं सुरक्षा-साधन! उजेडाला न घाबरणारा एकच जांभळा मी जवळून पाहिला आहे, निवडणुकीच्या ड्युटीवर. म्हैसूरच्या कारखान्यात बनणारी ती शाई १९६२ पासून सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांच्या बोटाला लावतात. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, त्यामुळे उन्हात ती उडण्याऐवजी उलट काळी पडत जाते. क्षणभर वाटलं, बाटलीच्या तळाशी उरलेली आजीच्या लुगड्याला लावावी. पण बाटल्यांचा हिशेब द्यावा लागतो.

शेवटी मी दुकानात जाऊन किरमिजीकडे झुकलेल्या, क्विनाक्रिडोन या नव्या जातीच्या तांबड्याची ट्यूब आणली. हा १९५८ पासून बाजारात आहे आणि प्रकाशात चांगला टिकतो, म्हणजे जॉइंट खातेदाराची प्रकृती तपासून घेतली. पाचव्या रविवारी लुगडं जांभळं झालं. आत्याला दाखवण्याआधी काकांना दाखवलं. "डाळिंबी," ते म्हणाले, आणि रागाने माळ्यावर चढले. पुरावा आणतो म्हणाले. मला वाटलं दुसरा फोटो असेल.

त्यांनी खाली आणली ती आजोबांची जमाखर्चाची वही. आजोबा कारकून होते, आमच्याकडे ते आनुवंशिक आहे. वहीत १९५६ सालच्या मुंजीचा सगळा खर्च होता : वाजंत्री, आचारी, केळीची पानं, न्हावी. न्हाव्याच्या नोंदीवर काकांचं बोट जरा थबकलं. त्याखाली आजोबांच्या झरझर अक्षरात, "सौ. स इरकली लुगडे एक, जांभळे, रु. २२-८-०."

काका बराच वेळ वही बघत राहिले. मग म्हणाले, "बाबांना रंगातलं काय कळायचं?" पण आवाजात जोर नव्हता. "बावीस रुपये," ते पुन्हा म्हणाले. "पगार किती होता माहीत आहे?" मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितला नाही. आजीला मी पाहिलं ते धुऊन धुऊन पांढुरक्या झालेल्या नऊवारीतच. तिने कधी बावीस रुपयांचं काही नेसलं असेल हे मला त्या दिवशी कळलं.

चित्राच्या पाठीमागे मी वहीतली ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली, तारखेसह, काळ्या शाईने. आत्याने चित्र चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, लुगड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "काठ तांबडा होता रे." मग चित्र तिने माझ्याकडेच ठेवायला दिलं, कारण तिच्या घरात दुपारभर ऊन येतं, आणि उन्हाची सगळी कहाणी मीच तिला सांगून बसलो होतो.

ते आता आमच्या पॅसेजमध्ये आहे, जिथे कुठूनच उजेड येत नाही. पाहुण्यांना आजी दाखवायची असली तर दिवा लावावा लागतो. ते पाहून झाले की मी लगेच बंद करतो. विजेचं बिल वाचतं, असं हिला सांगतो.